ईआरपी बदलताय? आधी स्टोअरमधली वही मागून घ्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कंपनीत मी नोकरीला आहे. विव्हिंगची तीन युनिटं, चिंचोळीला डाइंग-प्रोसेसिंग, शिलाई-पॅकिंग वेगळीकडं, ऑफिस अजून वेगळीकडं, आणि प्रत्येक ठिकाणी आपापलं काहीतरी चालू, कुठं टॅली, कुठं वीस वर्षांपूर्वी इथल्याच एका पोरानं करून दिलेलं सॉफ्टवेअर, कुठं नुसत्या एक्सेल शीट. हे सगळं एका ईआरपीवर, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणायचं काम कंपनीनं माझ्याकडं दिलं आणि त्यात अडीच वर्षं गेली. आता ओळखीतले बरेच जण विचारतात, कुणी साखर कारखान्यातलं, कुणी सूतगिरणीतलं, कुणी बँकेतलं, की आमच्याकडं पण हे काढलंय तर सुरुवात कुठून करू. सॅप या मोठ्या ईआरपीच्या जुन्या ईसीसी व्हर्जनचा मेनस्ट्रीम सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नेहमीची मदत, २०२७ अखेर संपतोय म्हणून मोठ्या कंपन्यांत तर सध्या हीच गडबड चालूय. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो, वाचायला थोडं लांब होईल.

पहिलं काम वह्या गोळा करायचं

डेमो बघायच्या आधी, कोटेशन मागवायच्या आधी प्रत्येक खात्यात जा आणि तिथल्या माणसाला विचारा की तुमची वही कुठाय. वही म्हणजे खरोखरची वही, नाहीतर खिशातली डायरी, टेबलाच्या काचेखालचा कागद, व्हॉट्सअॅप ग्रुप, किंवा फक्त त्याच माणसाच्या कॉम्प्युटरवर असलेली एक्सेल. ऑफिसला वाटत असतं की कामकाज सॉफ्टवेअरमध्ये चालतं. सॉफ्टवेअरमध्ये हिशोब चालतो, काम त्या वहीवर चालतं, आणि नवीन सिस्टीम आली की सगळ्यात आधी ती वहीच विसरली जाते.

आमच्या सूत गोदामात एक मामा आहेत, तीसेक वर्षं तिथंच. त्यांची लाल कापडी बांधणीची लांबडी वही. त्यात प्रत्येक लॉटला बिलाचं वजन, काट्यावरचं वजन, आणि तिसऱ्या रकान्यात नुसतं 'ऊन' नाहीतर 'पाऊस' असं लिहिलेलं. प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडून ठेवली होती, मी बघितली, मान हलवली आणि पुढं गेलो, तो तिसरा रकाना कशासाठी आहे हे विचारलंच नाही. सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून आलेल्या टीमनं ब्लूप्रिंट, म्हणजे नवीन सिस्टीममध्ये काम कसं चालेल त्याचा आराखडा, केला तो सरळ होता, जेवढं सूत आलं तेवढं गेलं पाहिजे.

फेब्रुवारीत पहिलं युनिट नवीन सिस्टीमवर चालू झालं. एप्रिलचं क्लोजिंग, म्हणजे महिनाअखेरचा हिशोब, केलं तर सुतात तीनशे किलोच्या वर तूट. मे महिन्यात परत तेवढीच. ऑडिटरनं विचारणा केली आणि मग जे व्हायचं तेच झालं, गोदामातल्या माणसांकडं संशयानं बघायला लागले, गेटवर डबे उघडून बघणं सुरू झालं. तीस वर्षं इमानदारीत काढलेल्या माणसाचा डबा तपासला जात होता, ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. शेवटी मामाच वही घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, सूत उन्हात वाळतं हो. मी तुम्हाला दाखवलं होतं की."

आता हे गणित बघा. सुती धाग्याचा स्टँडर्ड मॉइश्चर रिगेन ८.५ टक्के धरतात, म्हणजे कोरड्या सुताच्या वजनावर ८.५ टक्के पाणी असतं. ५० किलोच्या बॅगेत कोरडं सूत साधारण ४६ किलो. सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, पत्र्याच्या गोदामात बॅगा आठवडाभर पडून राहिल्या आणि रिगेन ५ टक्क्यांवर आला की त्याच बॅगेचं वजन ४८.४ किलोच्या आसपास भरतं. बॅगेमागं दीड किलोच्या वर गेलं, दोनशे बॅगांना तीनशे वीस किलो. चोरी नाही, काही नाही, नुसती हवा. मामांचा 'ऊन' रकाना म्हणजे हेच होतं, आणि पावसाळ्यात उलटं व्हायचं ते 'पाऊस'.

म्हणून वही हातात आली की चार गोष्टी विचारा आणि तिथंच बसून लिहून घ्या. यात असं काय आहे जे कॉम्प्युटरमध्ये कुठंच नाही, हे तुम्हाला कोण विचारतं आणि कधी, ही वही आज हरवली तर उद्या सकाळी काय थांबेल, आणि कुठला रकाना तुम्ही स्वतः सुरू केलाय. चौथा प्रश्न कधीच सोडू नका, कारण माणसानं स्वतःहून आखलेला रकाना म्हणजे तिथं कधीतरी त्याला ठेच लागलेली असते. पानांचे फोटो काढा, खात्याप्रमाणं फोल्डर करा. दुसऱ्या युनिटच्या वेळी मी हे नीट केलं, तीन आठवडे लागले, चाळीसच्या वर वह्या निघाल्या. व्हेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला, द्यायच्या रिक्वायरमेंट त्या फोटोंवरून लिहिल्या.

निर्णय कुणाचा

मोठा ईआरपी प्रोजेक्ट आयटीवाल्यांच्या गळ्यात टाकून मालक आणि डायरेक्टर मोकळे झाले की समजायचं प्रोजेक्ट अडकणार. कारण अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि दोन खात्यांमधली जास्त असते. आमचं उदाहरण सांगतो, डाइंग माल किलोत मोजतं आणि शिलाई नगात मोजतं. डाइंगमधून ८०० किलो निघाला म्हणतात, शिलाईवाले म्हणतात आमच्याकडं पंधराशे नग आले, मग मधला फरक कुणाचा? जुन्या पद्धतीत हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं, महिनाअखेरीस दोन्ही मॅनेजर चहा घेता घेता मिटवून टाकायचे. नवीन सिस्टीमला ट्रान्सफर एंट्री पाहिजे, त्यात एक आकडा पाहिजे आणि एका माणसाचं नाव पाहिजे. यावर दोन महिने मीटिंगा झाल्या. मग मालक स्वतः शिलाई खात्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले काटा इथं ठेवा, वजन इथंच होणार, नग इथंच मोजणार, दोन्ही आकडे शिलाईचा माणूस टाकणार आणि डाइंगचा माणूस सही करणार. वीस मिनिटांत विषय संपला. हे काम कुठलाही कन्सल्टंट करू शकत नाही, त्याला तो अधिकारच नसतो.

तर करायचं असं, निर्णयांचं एक रजिस्टर ठेवायचं. प्रश्न काय, कुणी ठरवायचं, कुठल्या तारखेपर्यंत, काय ठरलं. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी अर्धा तास, मालक किंवा ज्याचा शब्द शेवटचा असतो तो माणूस खोलीत पाहिजेच, त्याचा प्रतिनिधी चालणार नाही. पाच दिवसांत खात्यांनी ठरवलं नाही तर वरचा माणूस ठरवणार आणि ते सगळ्यांना मान्य, हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकायचं.

यातच सगळ्यात मोठा निर्णय येतो तो म्हणजे सॉफ्टवेअर वाकवायचं का आपण वाकायचं. लिडल नावाची जर्मन सुपरमार्केटची मोठी साखळी आहे, त्यांनी २०११ च्या सुमाराला सॅपवर जायचं काम काढलं. लिडलची पद्धत मालाचा साठा खरेदी किमतीनं धरायची आणि त्या सॉफ्टवेअरची स्टँडर्ड पद्धत विक्री किमतीनं धरायची. लिडलनं आपली पद्धत सोडली नाही, सॉफ्टवेअरमध्ये बदल करत गेले, आणि २०१८ ला सगळं गुंडाळलं तोपर्यंत सुमारे ५० कोटी युरो गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. एवढी मोठी कंपनी, पैशाला कमी नाही, तरी हे झालं.

आमच्याकडं कस्टमायझेशनच्या, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्यापुरतं बदलून घ्यायच्या, एकशेसाठ मागण्या आल्या होत्या. मी प्रत्येकीला एकच प्रश्न लावला, हे कायद्यामुळं पाहिजे, गिऱ्हाइकामुळं पाहिजे, मालाच्या स्वभावामुळं पाहिजे, का सवयीमुळं पाहिजे? पहिल्या तिन्हीसाठी सॉफ्टवेअर वाकवायचं, सवय असेल तर आपण बदलायचं. सुताच्या ओलाव्याचा रकाना हा मालाचा स्वभाव, तो घेतला. चलनाच्या कोपऱ्यात मोठ्या साहेबांची छोटी सही आणि छोट्या साहेबांची मोठी सही पाहिजे ही सवय, ती सोडायला लावली. शेवटी उरल्या एकोणतीस. प्रत्येक कस्टमायझेशन म्हणजे पुढच्या प्रत्येक अपग्रेडला परत टेस्टिंग आणि परत खर्च, हे मागणी करणाऱ्याला कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

मास्टर डेटा, इथं वेळ घालवा

मास्टर डेटा म्हणजे माल, पार्ट्या, मापं यांच्या मूळ याद्या. मला विचाराल तर प्रोजेक्टचा निम्मा जीव इथं असतो आणि प्लॅनमध्ये याला दोन ओळी दिलेल्या असतात. व्हेंडर एक टेम्प्लेट पाठवतो, एक्सेल भरून द्या म्हणतो, आणि ते भरायला ज्या माणसाला बाकी काही काम नाही त्याला बसवतात. तसं करू नका.

आमच्या जुन्या शीटमध्ये 'बाथ टॉवेल पांढरा' या एका नावाखाली दोन साइज होत्या, ७० बाय १४० सेंटीमीटर आणि ७५ बाय १५०. विव्हिंग मास्तरला ऑर्डर बघितली की कळायचं कुठली. सिस्टीमला कसं कळणार? ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणारा, ७५ बाय १५० चा टॉवेल ५०६ ग्रॅम भरतो आणि त्याच जीएसएमचा ७० बाय १४० चा ४४१ ग्रॅम. नगामागं ६५ ग्रॅम. दहा हजार नगांची ऑर्डर चुकीच्या कोडवर पडली तर साडेसहाशे किलो सूत कमी मागवलं जातं, आणि हे कळतं कधी, तर बीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) संपल्यावर, लूम म्हणजे माग उभं राहिल्यावर. पांढऱ्याचं पण तेच, व्हाइट, ब्लीच व्हाइट, ऑप्टिकल व्हाइट, मिल्की व्हाइट, त्यातले दोन एकच होते आणि दोन खरंच वेगळे होते, आणि हे फक्त डाइंगमधल्या अण्णांना माहीत होतं.

म्हणून आयटम मास्टर साफ करायला ज्याला माल हातात घेऊन ओळखता येतो असा माणूस द्या. तो माणूस मिळवायला भांडावं लागतं कारण त्याचं खातं त्याला सोडत नाही. भांडा. त्याच्या जागेवर तेवढे महिने दुसरा माणूस ठेवायचा खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा, हा खर्च लोक हमखास विसरतात.

पार्टी मास्टरसाठी एक सोपी युक्ती. जीएसटी नंबर १५ अंकी असतो, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढचे दहा म्हणजे पॅन. ते दहा वेगळे काढून सॉर्ट करा, एकच पार्टी तीन नावांनी कुठं कुठं बसलीय ते पाच मिनिटांत दिसतं. आमच्याकडं एका रंगवाल्याची चार खाती निघाली, दोनमध्ये आम्ही देणं दाखवत होतो आणि एकात तो आम्हाला देणं लागत होता.

मोजमापाच्या युनिटचं पण बघून घ्या. सूत किलोत, बीम मीटरमध्ये, टॉवेल नगात, पॅकिंग डझनात, बारीकसारीक माल वजनावर, एक्स्पोर्ट कार्टनमध्ये. सुताची बॅग एका गिरणीची ५० किलोची आणि दुसरीची ६० ची. कन्व्हर्जन एकदा चुकीचं बसलं आणि त्यावर व्यवहार पडले की नंतर ते बदलता येत नाही, नवीन कोड काढावा लागतो.

तारीख धरताना गावाचं कॅलेंडर बघा

व्हेंडरच्या टीमनं आमचा पहिला कटओव्हर, म्हणजे जुनं बंद करून नव्यावर जायचा मुहूर्त, कुठं ठेवला होता, तर संक्रांतीच्या आठवड्यात. त्यांच्या कॅलेंडरमध्ये एक दिवस सुट्टी दिसत होती, बाकी मोकळं. आता सोलापुरात त्या आठवड्यात काय असतं हे इथल्या लहान पोराला विचारा, सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा, तैलाभिषेक, अक्षता सोहळा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावर शोभेचं दारूकाम, निम्मी कंपनी तिकडं असते आणि असायलाच पाहिजे. तेच नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव असतो, आमच्या विव्हिंगमधले पद्मशाली समाजाचे लोक त्या दिवशी येत नाहीत. हे दिवस, दिवाळी, मार्चअखेर, आणि तुमच्या धंद्याचा मोसम, एवढं कागदावर लाल करा आणि मग उरलेल्यात तारीख शोधा.

मोसमाचं फार जपा. १९९९ साली हर्शी या अमेरिकेतल्या चॉकलेट कंपनीनं सॅपचं ईआरपी, सीबेलचं गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर आणि मॅन्युजिस्टिक्सचं प्लॅनिंग, तिन्ही एकदम बदलायला काढलं. एप्रिलला चालू व्हायचं ते जुलैपर्यंत लांबलं आणि जुलैनंतर लगेच हॅलोविनच्या ऑर्डरींचा मोसम. माल गोदामात पडून आणि ऑर्डर जाईना, सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत, त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. आमच्यासारख्या एक्स्पोर्टवाल्यांचं तर शिपमेंट चुकलं की विमानानं माल पाठवायचा खर्च अंगावर येतो आणि टॉवेल विमानानं पाठवणं परवडत नाही.

१ एप्रिलचा मोह सगळ्यांना होतो कारण ओपनिंग बॅलन्स सोपे पडतात. पण त्याच दिवसांत अकाउंट्स खातं वर्षअखेरीच्या कामात बुडालेलं असतं, त्यांच्याकडून डेटा तपासून घेणं होत नाही. मी महिन्याच्या १ तारखेला, पण वर्षाच्या मधल्या महिन्यात, या मताचा आहे.

सगळं एकदम चालू करू नका, आणि रंगीत तालीम करा

एक युनिट आधी. आम्ही चादरीचं युनिट घेतलं, कारण त्याची विक्री देशातच, बाहेरची शिपमेंट नाही, काही बिघडलं तर सोलापुरातल्या सोलापुरात निस्तरता येईल. टॉवेलच्या दोन युनिटना त्यानंतर पाच आणि आठ महिन्यांनी.

डेटा नवीन सिस्टीममध्ये न्यायची तालीम किमान तीनदा करा, घड्याळ लावून. पहिल्या तालमीत आम्हाला ४१ तास लागले, हातात होते ३६, शनिवार संध्याकाळ ते सोमवारची पहिली शिफ्ट. कुठल्या फाइलला किती वेळ लागला ते लिहून काढल्यावर कळलं की जुन्या पाच वर्षांचे बंद झालेले व्यवहार पण आम्ही उचलत होतो. ते सोडले, फक्त उघडी बिलं, उघड्या ऑर्डरी आणि स्टॉक घेतला, तिसऱ्या तालमीला २२ तासांत झालं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये टीएसबी या ब्रिटनमधल्या बँकेनं एका शनिवार-रविवारी पन्नास लाखांहून जास्त गिऱ्हाइकांची खाती नवीन प्लॅटफॉर्मवर नेली. डेटा गेला बरोबर, पण प्लॅटफॉर्म लोड घेईना, १९ लाख लोकांना खातं उघडता येईना, आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. मग तुम्ही काय करायचं, तर लोड टेस्टिंग खऱ्या माणसांनिशी करायचं. आम्ही एका रविवारी नव्वद माणसं बोलावली, ओव्हरटाइम दिला, जेवणाची सोय केली, आणि सकाळी १० ला सगळ्यांना एकदम एंट्री करायला लावली. पंचवीस मिनिटांत चिंचोळीची लाइन बसली. सॉफ्टवेअर ठीक होतं, इंटरनेटचा जोड कमी पडत होता. हे गो-लाइव्हच्या, म्हणजे खरोखर चालू करायच्या, सोमवारी झालं असतं तर?

आणि थांबायचं कधी हे आधी लिहून ठेवा. स्टॉकचा फरक अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तर थांबायचं, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) निघाली नाही तर थांबायचं, पगाराचा आकडा जुळला नाही तर थांबायचं. त्यावर मालकांची सही घ्या, शांत डोक्यानं, महिनाभर आधी. रविवारी रात्री ११ ला सगळे थकलेले असताना कुणीच 'थांबूया' म्हणत नाही.

पगाराचं तर शेवटी घ्या आणि दोन-तीन महिने जुन्या-नव्या दोन्हीकडं काढून एकेक माणसाचा आकडा ताडून बघा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात २०१० मध्ये नवीन पेरोल चालू केलं आणि हजारो नर्स, कर्मचाऱ्यांना कमी पगार, जास्त पगार, काहींना काहीच नाही असं झालं, निस्तरायला वर्षं गेली. पीस रेटवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात आठशे रुपये कमी पडले तर त्याचं त्या आठवड्याचं रेशन अडतं, आणि एकदा पगार चुकला की त्या सिस्टीमवरचा विश्वास परत येत नाही.

ट्रेनिंग जिथं काम आहे तिथं, ज्या भाषेत काम आहे त्या भाषेत

आमच्या लूमवर तेलुगू चालते, डाइंगला कन्नड आणि मराठी, ऑफिसात मराठी, स्क्रीन इंग्रजीत. पहिल्या युनिटला आम्ही ऑफिसच्या एसी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दोन दिवस ट्रेनिंग दिलं, सगळे शांत बसले, सगळ्यांनी समजलं म्हणून सांगितलं, आणि सोमवारी एकालाही लॉगिन पुढं काही येईना. दुसऱ्या वेळी प्रत्येक खात्यातून एक माणूस निवडला, ज्याला बाकीचे अडलं की हाक मारतात तोच, आणि त्याला दोन महिने शिकवला. मग त्यानं आपल्या माणसांना आपल्या भाषेत, त्यांच्याच लूमशेजारी, नाइट शिफ्टला नाइट शिफ्टमध्ये जाऊन शिकवलं. एका जॉबरनं (लूमची देखभाल बघणाऱ्यानं) तर बटणांची नावं तेलुगूत लिहून कार्ड लॅमिनेट करून टांगलं, ते मी सगळ्या लूमवर लावलं.

जागेवर गेलं की दुसरं पण दिसतं. डाइंगमध्ये बारकोडचा स्टिकर वाफेनं अर्ध्या तासात गळून पडायचा, हे ब्लूप्रिंट करणाऱ्याला हॉटेलच्या खोलीत बसून दिसणार नव्हतं. शेवटी कापडी टॅगवर कोड छापून तो लॉटला टाक्यानं शिवायला लागलो.

कायद्याचं आणि करारातलं, थोडक्यात

पाच कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून बी-टू-बी, म्हणजे एका धंद्यानं दुसऱ्या धंद्याला केलेल्या, बिलांना ई-इनव्हॉइस लागते, त्यामुळं ते पहिल्या दिवशी चालायलाच पाहिजे, नंतर जोडू म्हणून चालत नाही. कंपनी कायद्याखाली १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे काय कधी बदललं त्याची नोंद, लागतो आणि तो बंद करता येता कामा नये, आणि हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. म्हणजे जुना सर्व्हर भंगारात घालू नका, त्याला फक्त वाचण्यापुरता चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी उघडून बघा की खरंच उघडतोय.

करारात दोन गोष्टी आग्रहानं घाला. ज्या कन्सल्टंटना दाखवून काम मिळवलं तीच माणसं शेवटपर्यंत राहतील, बदलली तर आपल्या परवानगीनं. आमच्याकडं पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या टीममधली तीन माणसं बदलली आणि प्रत्येक नव्या माणसाला टॉवेल म्हणजे काय इथून सांगावं लागलं, पाइल बीम वेगळा, ग्राउंड बीम वेगळा इथून. दुसरं, शेवटचा हप्ता गो-लाइव्हला द्यायचा नाही, तीन महिन्यांचं क्लोजिंग त्यांच्या मदतीशिवाय झालं की द्यायचा.

चालू झाल्यावर

पहिले सहा आठवडे प्रोजेक्टची टीम ऑफिसात बसवू नका, गोदामात टेबल टाका. सकाळी ९ ला पंधरा मिनिटं उभ्यानं, काल काय अडलं, आज कोण सोडवणार. आलेल्या तक्रारी कमी झाल्या म्हणून खूश होऊ नका, लोकांनी तक्रार करायचं सोडून परत वही काढली असेल तरी तक्रारी कमीच होतात. मी दर पंधरा दिवसांनी खात्यात चक्कर मारून कुठल्या वह्या अजून भरल्या जातायत ते मोजतो. वही हिसकावून घ्यायची नाही. ती का लागते ते विचारायचं आणि तेवढं सिस्टीममध्ये बसवायचं, मग ती आपोआप बारीक होत जाते.

सूत गोदामात आता बॅग आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळा ओलावा मोजतात, मीटर काही फार महाग नसतो, आणि सिस्टीम कोरड्या वजनावर ताळा काढते. गेल्या मे महिन्यात तूट निघाली ११ किलो. गेटवर डबे उघडणं मामा वही घेऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात बंद केलं होतं, मालकांनी गोदामात येऊन सगळ्यांसमोर मामांची माफी मागितली, तेव्हा मी पण मागितली.

चाळीसच्या वर वह्यांतल्या आज नऊ चालू आहेत, सगळ्या डाइंगमधल्या. त्यातली अण्णांची शेड मॅचिंगची वही, ज्यात प्रत्येक पानावर रंगवलेल्या कापडाचा तुकडा डकवलेला असतो, ती बंद करायला मी सांगणार नाही, स्क्रीनवर रंग खरा दिसत नाही. तिची नक्कल काढून दुसरी प्रत ऑफिसच्या कपाटात ठेवलीय. बाकी आठ वह्यांचं काम सध्या चालू आहे.